पाचवे शील व निवारा

(टिटवाळा येथील बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो विषय सभेत काढण्यास कोणी सहसा धजत नाही. घरातील तरुण मुलगा गर्दच्या नादी लागला, गोळ्यांच्या किंवा एम.डी.च्या नादी लागला, अथवा घरचा कर्ता पुरुष दारूत बुडाला, तर ते घर आपले तोंड लपविते. शेजाऱ्याने विचारले तर “गावी गेला आहे” असे सांगितले जाते. विहारात यावयाचे बंद होते. दीक्षा घेतलेल्या घरात ही लाज दुप्पट असते. कारण आपण पंचशील ग्रहण केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू पिणार नाही अशीही एक प्रतिज्ञा आहे. तेव्हा आपल्या घरात व्यसनी मनुष्य निघाला म्हणजे आपला धम्मच खोटा ठरला, असे लोकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची कशी, हे मला पुस्तक वाचून कळले नाही. ते मला माझ्या भावाने शिकविले. आणि ते शिकविण्यासाठी त्याला आपला जीव द्यावा लागला.

माझा धाकटा भाऊ येथेच, टिटवाळ्यात, लहानाचा मोठा झाला. सकाळच्या लोकलने कल्याणच्या पुढे कामाला जावे, रात्री परत यावे, हा आपल्या सर्वांचा क्रम तोच त्याचाही होता. काम सुटले, संगत बदलली, आणि तो गर्द ओढू लागला. आम्ही त्याला उपचार केंद्रात ठेवले. तेथे तो महिनाभर राहिला, अंगाने भरला, हसू लागला. आईने दारात त्याला ओवाळले. त्यानंतर काय झाले? तीच खोली, तीच गल्ली, स्टेशनाकडे जाणारी तीच वाट, आणि त्या वाटेवर उभे असलेले तेच चार मित्र. काम कोणी देईना. आई रात्रंदिवस त्याच्या खिशांकडे पाहत राही आणि पैसे धान्याच्या डब्यात लपवी. अकराव्या दिवशी तो पुन्हा ओढून आला. दुसऱ्या वेळी उपचार झाले, पुन्हा तेच. मध्यंतरी आम्ही त्याला चार दिवस साखळीने खाटेला बांधले होते, हेही मी तुमच्यापासून लपवून ठेवीत नाही. तिसऱ्या वेळी तो दोन महिने स्वच्छ राहिला. मग एका रात्री तो झोकांड्या खात दारी आला. मी आतून कडी लावली आणि ओरडून म्हटले, “हे शील पाळणाऱ्यांचे घर आहे, तुला येथे जागा नाही.” तिसऱ्या दिवशी तो आम्हांला मृतावस्थेत मिळाला.

पुढे डॉक्टरांनी मला कारण समजावून सांगितले. जो मनुष्य रोज गर्द ओढतो, त्याचे शरीर त्या विषाला सरावते. काही आठवडे ते विष बंद राहिले म्हणजे हा सराव नाहीसा होतो. अशा वेळी त्याने पूर्वीइतकेच प्रमाण घेतले तर श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणजे उपचार घेऊन बाहेर पडल्यानंतरचे दिवस हेच सर्वांत धोक्याचे दिवस असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण निश्चिंत होतो, किंवा दार लावून घेतो.

आता मी तुम्हांला विचारतो : शिलाच्या नावाने मी जे दार लावले, ते धम्माला धरून होते काय?

याचे उत्तर विनयपिटकात आहे. मद्यपानाविरुद्धचा नियम भगवान बुद्धांनी ज्या प्रसंगी केला, तो प्रसंग तेथे नोंदविला आहे. सागत नावाचे एक भिक्खू होते. त्यांनी एका भयंकर नागाला नमविले, म्हणून त्यांची कीर्ती कोसंबी नगरात पसरली. कौतुकाने उपासकांनी घरोघर त्यांच्यासाठी मद्य तयार ठेविले. प्रत्येक घरी थोडे थोडे पिऊन सागत नगराबाहेर पडू लागले आणि वेशीपाशीच कोसळले. त्याच वाटेने भगवान भिक्खूंसह चालले होते. त्यांनी सागतांना पडलेले पाहिले. त्या वेळी भगवंतांनी प्रथम काय केले? त्यांनी प्रथम नियम सांगितला नाही, संघातून काढून टाकण्याची भाषाही केली नाही. त्यांनी भिक्खूंना सांगितले की याला उचला. भिक्खूंनी सागतांना उचलून आरामात आणले आणि भगवंतांकडे डोके करून निजविले. शुद्ध नसलेले सागत कुशीवर वळले आणि भगवंतांकडेच पाय करून झोपी गेले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले की हा पूर्वी माझ्याशी आदराने वागत नव्हता काय, आणि आता वागतो आहे काय? ज्याने नागाशी झुंज दिली, तो आता पाण्यातल्या साध्या दिवडाशी तरी झुंजू शकेल काय? भिक्खूंनी नाही म्हटले. त्यानंतर मद्यपानाविरुद्धचा नियम झाला. आणि तेच सागत पुढे प्रयत्नाने अर्हत् पदाला पोहोचले.

बंधूंनो, या कथेतील क्रम ध्यानात ठेवा. आधी उचलणे, मग छपराखाली आणणे, आणि त्यानंतर नियम. मी क्रम उलटा केला. मी नियम आधी सांगितला आणि माणूस वेशीवर पडू दिला. पाचवे शील हे मनुष्याला प्रमादापासून वाचविण्यासाठी आहे. प्रमादात पडलेल्याला हाकलण्यासाठी नाही. या वाक्यापलीकडे मला आज नवीन असे काही सांगावयाचे नाही. पुढे जे सांगणार आहे, ते हे वाक्य व्यवहारात कसे आणावे याविषयी आहे.

प्रथम व्यसन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न असता, तर माझा भाऊ पहिल्याच खेपेला सुटला असता. त्याची इच्छा होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. गर्द बंद केले म्हणजे जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या वेदना, उलट्या, निद्रानाश हे सर्व काही दिवस चालते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही येतो. म्हणून कोणीही घरात कोंडून कोणाची दारू सोडवू नये; डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी. गर्दच्या रोग्यासाठी जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. तिने ओढ शमते आणि मनुष्य कामाधंद्याला लागू शकतो. ती रोज घ्यावी लागते म्हणून “एक व्यसन सोडून दुसरे लावले” असे कोणी म्हणू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध नियमाने घेणारा मनुष्य शीलभंग करीत नाही.

हा रोग किती पसरला आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, गर्द किंवा त्या जातीची औषधे घेतात. परंतु माझ्या मनाला लागलेला आकडा निराळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो; रुग्णालयात दाखल होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. बाकीचे कोठे आहेत? ते आपल्या घरांत, कड्यांच्या आड आहेत.

आपल्या महाराष्ट्रात यावर काम झालेले नाही असे नाही. मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात येरवडा येथे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक मदत दिली. मुक्तांगणाची एक गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे. तेथे जे रोगी म्हणून आले, त्यांतलेच कित्येक जण बरे होऊन कार्यकर्ते झाले आणि नवीन येणाऱ्याचा हात धरू लागले. ज्याने स्वतः ते दुःख भोगले, त्याच्या शब्दाला निराळे वजन असते.

परंतु केंद्रातला मुक्काम आठवड्यांत मोजावा लागतो आणि व्यसनाची ओढ वर्षांत. केंद्रातून सुटलेल्या मनुष्याने टिटवाळा स्टेशनवर उतरल्यावर कोठे जावे? घरी जावे तर जुनी गल्ली आहे, घरच्यांचा संशय आहे, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आहेत. घरी न जावे तर फलाट आहे. व्यसन सोडविणे निराळे, आणि सुटलेले टिकविणे निराळे. पहिले काम डॉक्टरांचे आहे. दुसऱ्या कामाला घर लागते. इस्पितळही नव्हे आणि जुने घरही नव्हे, असे मधले घर. त्याला कोणी हाफ-वे होम म्हणतात. आपण त्याला आधारघर म्हणू.

ही कल्पना आपल्या चळवळीला परकी नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने आरंभीच्या काळातच, १९२५ साली, सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांना नुसते “शिका” म्हणून भागत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. ज्या मुलाला निजावयास जागा नाही, दिवा नाही, वेळेवर भाकरी नाही, त्याला उपदेश करणे ही त्याची थट्टा होय. आधी छप्पर, मग पुस्तक. जो न्याय विद्यार्थ्याला लागू, तोच व्यसनातून उठू पाहणाऱ्याला लागू आहे.

अशा घराचा उपयोग होतो याला पुरावा काय, असे तुम्ही विचाराल. आणि विचारलेच पाहिजे, कारण पारखून घेण्यास आपणांस भगवंतांनीच शिकविले आहे. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग या गावी १९७५ साली सरकारने एक आधारघर बंद केले. तेथे राहणाऱ्यांपैकी पॉल मॉलॉय आणि त्याच्या सोबत्यांनी रडत न बसता तेच घर स्वतः भाड्याने घेतले. त्याला त्यांनी ऑक्सफर्ड हाउस असे नाव दिले. नियम तीनच : घराचा कारभार राहणाऱ्यांनी मतदानाने चालवावा, भाडे व खर्च प्रत्येकाने आपल्या कमाईतून भागवावा, आणि जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडावे. आज त्या देशात अशी हजारांहून अधिक घरे आहेत. शिकागो येथील डीपॉल विद्यापीठाचे लेनर्ड जेसन व त्यांचे सहकारी यांनी उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला. निम्मे या घरांत राहावयास गेले, निम्मे नेहमीप्रमाणे बाहेर पडले. दोन वर्षांनंतर, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, बाहेर गेलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोक नशा करीत होते. घरात राहिलेल्यांत ते प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. घराने सर्वच वाचले नाहीत, हे खरे. पण प्रमाण निम्म्यावर आले. माझ्या भावासारख्या दोघांपैकी एकाला त्याची आई पुन्हा जेवू घालू शकेल, एवढा या आकड्याचा अर्थ आहे.

मतदानाने चालणारे हे घर पाहून तुम्हांला कशाची आठवण होते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदेचे नियम प्राचीन भिक्खुसंघाला ठाऊक होते. एका छपराखाली राहून, आपणच केलेल्या नियमांनी आपणांस सावरणे, ही संघाचीच रीत होय.

“जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडावे,” हा नियम ऐकून कोणी म्हणेल की मग तुम्ही दार लावले त्यात आणि यात फरक काय? फरक मोठा आहे. घरातील इतर पाच जणांचे रक्षण व्हावे म्हणून त्याने ते घर सोडावयाचे. परंतु त्याला एकट्याने बाहेर पडू द्यावयाचे नाही. त्याच रात्री दोघांनी त्याच्यासोबत चालत जाऊन त्याला डॉक्टरांच्या स्वाधीन करावयाचे, आणि तो बरा झाला म्हणजे पुन्हा त्याच्या अर्जावर मत घ्यावयाचे. मी कडी लावली तेव्हा माझ्या भावासोबत कोणीही चालत नव्हते.

आता हक्काविषयी. ही भीक नव्हे, हे समजून घ्या. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनास औषधी कारण वगळून बंदी घालण्याचा प्रयत्न करणे, हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील ६४-अ कलमाप्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास गेला, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना आजारात धरले आहे. त्याच्या १८ व्या कलमात सरकारने पुरवावयाच्या सेवांत हाफ-वे होम, आश्रयस्थान आणि आधारासह निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि दारिद्र्यरेषेखालील, निराधार व बेघर रोग्यांस, कार्ड असो वा नसो, सरकारी वा सरकारी अनुदानाच्या संस्थांत मोफत उपचाराचा हक्क दिला आहे. १९ वे कलम सांगते की अशा मनुष्यास समाजात राहण्याचा हक्क आहे. ९५ वे कलम साखळीने बांधण्यास सक्त मनाई करते. माझ्या आईने आणि मी त्याला बांधले, तेव्हा आम्हांला हे ठाऊक नव्हते. तुम्हांला आता ठाऊक आहे. ज्या केंद्रात मारहाण होते किंवा बांधून ठेवतात, तेथून आपला मनुष्य काढून आणा आणि लेखी तक्रार करा.

कायद्यात घर लिहिले आहे; परंतु कायद्यात लिहिलेले घर मागितल्याशिवाय गावात उभे राहत नाही. म्हणून मागणी करणे आणि स्वतः आरंभ करणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी केली पाहिजेत. या विहाराच्या मागे दोन खोल्या आहेत. त्यांत मंडपाचे बांबू, सतरंज्या आणि खुर्च्या ठेवल्या आहेत. जयंतीचे दिवस सोडले तर त्या खोल्यांचे कुलूप उघडत नाही. त्या खोल्यांत सहा माणसे राहू शकतील. मी पुढील ठराव आपल्यापुढे ठेवतो.

पहिले, केंद्रातून उपचार पुरे करून आलेल्या, गावातल्या सहा जणांना तेथे राहावयास द्यावे. मग तो दीक्षित असो वा नसो, कोणत्याही जातीचा असो. करुणेला जात नसते. दुसरे, त्यांनी आपला कारभार आपण चालवावा, काम मिळताच खर्चाचा वाटा द्यावा, आणि रोज सायंकाळी एकत्र बसावे. तिसरे, तेथे औषधोपचार करावयाचा नाही, बाहेरून कडी लावावयाची नाही. औषध डॉक्टरांकडून, आणि घर सुरू करण्यापूर्वी नोंदणीविषयी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करावयाची. चौथे, ज्यांचे कारखान्यात, दुकानात, रिक्षा संघटनेत वजन आहे, त्यांनी प्रत्येकी एका मनुष्याच्या कामाची खटपट करावी; कारण रिकामा दिवस हा गर्दपेक्षा कमी घातक नसतो. पाचवे, भगिनींनी आठवड्यातून एकदा या घरांतील आया व पत्नी यांना घेऊन बसावे. व्यसन एकाला जडते, पण झोप सर्व घराची जाते.

आणि ज्या घरात आज रात्रीच हा प्रश्न उभा असेल, त्यांनी आमच्या खोल्यांची वाट पाहू नये. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो फिरवा. आपला मनुष्य बेशुद्ध पडला असेल, श्वास मंद चालत असेल, ओठ निळे पडले असतील, तर लाज बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, त्याला कुशीवर वळवा आणि त्याच्याजवळ बसून राहा.

काही जण म्हणतील की विहार हे वंदनेचे ठिकाण आहे, तेथे गर्दुल्ले कशाला? त्यांना मी एवढेच सांगेन की ज्या आरामात सागतांना उचलून आणले, तेथे स्वतः भगवान राहत होते. त्यांच्या दिशेला पाय करून झोपलेला मनुष्य ज्या छपराला चालला, तो आपल्या मागच्या खोल्यांना चालणार नाही काय?

सभा संपल्यावर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, आणि खुर्च्या बाहेर काढण्यासाठी ज्यांना रविवारी सकाळी येता येईल त्यांनी येथेच नावे लिहून द्या. पहिले नाव मी माझे लिहिले आहे.

जयभीम.